कोल्हापुरात काळ्या गाडीवर उन्हात जाळीसारखे बारीक चरे दिसतात, वॅक्स मारलं तर जातील का?

नुसत्या वॅक्सनं जाणार नाहीत. वॅक्स चऱ्यात भरून बसतं, त्यामुळे थोडे दिवस ते दिसत नाहीत इतकंच. चरे काढायला पॉलिश लागतं, आणि पॉलिश म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, अगदी थोडा घासून सपाट करणं. हा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणून दर दिवाळीला मशीन फिरवून घेऊ नका.

आधी चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे, पॉलिशच्या नादी लागू नका. अडकत नसेल तर गाडी शाम्पूनं धुवा, मग क्ले बार (पत्र्याला चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी), मग फोमच्या पॅडवर बारीक पॉलिश आणि शेवटी वॅक्सचा पातळ हात. सगळं सावलीत, पत्रा गार असताना. वॅक्स जाड थापलं की पुसताना घाम निघतो, चमक काही वाढत नाही.

मुळात हे चरे पडतात ते सकाळी कोरडं फडकं मारण्यानं. गळीत हंगामात कारखान्याच्या आसपास गाडी लावत असाल तर काचेवर काळी राख दिसतेच, तीच बॉनेटवर घासली जाते. आधी पाण्याचा फवारा, मग मायक्रोफायबर. फडकं जमिनीवर पडलं तर ते पुन्हा गाडीला लावू नका.

टूथपेस्टनं चरे घालवायचे व्हिडिओ बघितले असतील, तर ती दातालाच ठेवा. वॅक्स मे अखेरीस मारा, पावसाळ्यात पाणी थेंब होऊन ओघळतं.