लेक रात्री अकरापर्यंत लॅपटॉपवर असते. नोकरी सोडायला सांगू का?

भुसावळच्या एका आईचं पत्र आलं आहे: 'मुलगी मानसशास्त्रात एम.ए. आहे. जळगावच्या एका केंद्रात ऑटिझम असलेल्या मुलांच्या एबीए थेरपीची (वागण्याच्या शास्त्रावर आधारलेली शिकवण्याची पद्धत) सुपरव्हायझर म्हणून काम करते. हाताखाली सहा थेरपिस्ट, चौदा मुलं आणि रोज पाऊण तासाची चार सेशन स्वतःची. रोज रेल्वेनं अपडाऊन करते. जेवण झालं की रिपोर्ट काढून बसते, त्यात पालकांचे मेसेज सुरूच. सोयरिकी येताहेत, पण बोलायलाही तिला फुरसत नाही. काम मात्र आवडतं म्हणते. बी.एड. करून शाळेत लागायला सांगू का?'

ताई, काम आवडतंय तर ते सोडायला सांगण्याआधी तिच्या आठवड्याचा हिशेब मांडू. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे सहा दिवस म्हणजे ४८ तास. जेवणाचे तीन वजा केले की ४५ उरतात.

प्रत्येक थेरपिस्ट महिन्याला साधारण १०० तास मुलांसोबत असतो असं धरू. अमेरिकेतल्या बीएसीबी या प्रमाणपत्र मंडळाच्या नियमानुसार नोंदणीकृत टेक्निशियनच्या, म्हणजे मुलांसोबत प्रत्यक्ष सेशन घेणाऱ्याच्या, कामाच्या किमान ५ टक्के तास देखरेख लागते. महिन्यात किमान दोनदा समोरासमोर, आणि त्यात एकदा तरी सेशन चालू असताना प्रत्यक्ष बघून. २०२३ पासून भारतातल्या नव्या अर्जदारांसाठी या मंडळाचं दार बंद आहे, तरी मोजमापाला ही पट्टी चांगली आहे. सहा जणांचे महिन्याला ३० तास, म्हणजे आठवड्याला साडेसात. प्रत्येक मुलाच्या प्रगतीचे ग्राफ बघणं, प्रोग्राम म्हणजे शिकवण्याचा आराखडा बदलणं, साहित्य, पालकांशी बोलणं याला आठवड्याला दीड तास धरला तर चौदा मुलांचे २१. थेरपिस्टशी अर्धा-अर्धा तास एकट्यानं बोलण्याचे ३, सगळ्यांच्या मीटिंगचा १. तिच्या स्वतःच्या सेशनचे १८. बेरीज साडेपन्नास. एकाही नव्या मुलाचं असेसमेंट न धरता साडेपाच तास वर जाताहेत, आणि तेच तुमच्या घरी रात्री दिसतात. लेक कामात मंद नाही, तिचं वेळापत्रकच चुकीचं मांडलेलं आहे.

हा हिशेब तिनं कागदावर मांडून केंद्रचालकांपुढे ठेवावा. मागणी एकच: स्वतःची सेशन चारवरून दोन. नऊ तास सुटतात आणि अडीअडचणीला साडेतीन तास हातात राहतात. केंद्राला सेशनची फी दिसते, देखरेखीचा वेळ दिसत नाही, त्यामुळे नुसतं 'खूप काम होतं' म्हटलं तर कोणी ऐकणार नाही. आकडा दाखवावा.

आता रात्रीचे मेसेज. इथे तिचंच शास्त्र तिच्या कामाचं आहे. दहा वाजताच्या मेसेजला कधी उत्तर द्यायचं, कधी नाही, असं केलं की मेसेज पाठवण्याची सवय सगळ्यात चिवट होते. अधूनमधून मिळणारं रीइन्फोर्समेंट, म्हणजे सवय पक्की करणारं फळ, ते हेच. म्हणून पालकांना आधी सांगून टाकावं: उत्तरं रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच, मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर थेट फोन आणि गरज पडल्यास आधी डॉक्टर. सुरुवातीला मेसेज कमी व्हायच्या ऐवजी वाढूही शकतात. त्याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात, हे तिला पाठ असेल. नेमक्या त्याच दिवसांत 'एवढं एकच' म्हणून उत्तर दिलं, तर जास्त मेसेज केले की उत्तर मिळतं असं शिकवल्यासारखं होईल. पाचची वेळ मात्र एकदाही चुकवू नये.

थेरपिस्टच्या बाबतीतही हेच घडतं. मूल रडायला लागलं की सुपरव्हायझरला हाक, ती येऊन सेशन सावरते, थेरपिस्टची सुटका होते. पुढच्या वेळी हाक आणखी लवकर येते. त्याऐवजी सांगणं, करून दाखवणं, त्यांच्याकडून करवून घेणं आणि लगेच चूक-बरोबर सांगणं, या चार पायऱ्यांना वीस मिनिटं आज जातील, पण ती पुढे वाचतात.

नोंदी घरी आणूच नयेत. निरीक्षणाची शेवटची दहा मिनिटं तिथेच बसून तीन ओळी: काय दिसलं, थेरपिस्टला काय सांगितलं, पुढच्या वेळी काय तपासायचं. संध्याकाळी आठवून लिहायला जास्त वेळ जातो आणि आकडे चुकतात. ग्राफ महिनाअखेरीला काढले तर बंद पडलेला प्रोग्राम महिनाभर तसाच चालतो, म्हणून दर शुक्रवारी. तिमाही रिपोर्ट सगळे एकाच महिन्यात न घेता दर महिन्याला चार-पाच. रेल्वेत रिपोर्ट लिहू नयेत. शेजारच्याला मुलाचं नाव वाचता येतं.

आपल्याकडची एक सोय तिनं जरूर वापरावी. अखाजीला आया माहेरी जातात, श्रावणात कानबाईला घरं भरलेली असतात, तेव्हा हजेरी घटते. ते दिवस साहित्य आणि रिपोर्टसाठी आधीच राखून ठेवावेत. आणि ज्या घरात अहिराणी बोलतात, त्यांच्यासाठी पालकांच्या सूचना एकदाच अहिराणीत लिहून ठेवाव्यात. तेच तेच फोनवर समजावण्यात फार वेळ जातो.

बी.एड. चांगलंच आहे, पण दोन वर्षं जातील, वर टीईटी आणि भरतीची वाट. थकली म्हणून तिकडे पाठवू नका, शिकवायची ओढ असेल तर जाऊ द्या. तुमच्याकडून एवढंच करा: घरी आल्या आल्या अर्धा तास तिला काही विचारू नका, आणि सोयरिकीचं बोलणं रविवारी ठेवा.

तीन महिन्यांत केंद्रानं सेशन कमी केली नाहीत, तर केंद्र बदलावं, क्षेत्र नाही. निघताना किमान महिनाभर आधी सांगून प्रत्येक मुलाचे चालू प्रोग्राम, शेवटचे ग्राफ आणि कशानं मूल बिथरतं याची एकेक पानाची नोंद नव्या सुपरव्हायझरच्या हातात द्यावी, आणि निदान एक सेशन दोघींनी मिळून बघावं.