यादीतलं २१२ वं नाव

प्रश्न असा आहे: 'मंदी असताना नेते लाखो नोकऱ्या देण्याचं आश्वासन देतात, त्यावर कितपत विश्वास ठेवावा? माझा धाकटा भाऊ निवडणुकीनंतर भरती निघेल म्हणून हातातलं लहानसं काम सोडायला निघाला आहे.'

भावाला म्हणावं, काम सोडू नकोस. झालं उत्तर. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल, पण प्रश्न बघितला आणि मला राहवलं नाही. मंदीत ज्याला नेत्यानं नोकरी दिली तो माणूस मी स्वतः आहे. छापील यादीत माझं नाव आहे. नोकरी तेवढी नव्हती.

मी बडोद्याचा. नवापुऱ्यात वाढलो, आयटीआयला टर्नर केलं आणि मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात लेथवर लागलो. व्हॉल्व्हचे स्पिंडल, फ्लँज, असला माल. २००८ च्या दिवाळीपर्यंत ओव्हरटाइम इतका, की बायको म्हणायची, झोपायला तरी घरी येत जा. मंदी टीव्हीवर नंतर येते, कारखान्यात आधी. पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद होतो. मग रात्रपाळी. मग कॉन्ट्रॅक्टरची पोरं एका शनिवारी हिशोब घेऊन जातात आणि सोमवारी त्यांचे डबे फळीवर दिसत नाहीत. मग शेठ केबिनमधून खाली येऊन भंगाराचं पिंप वाकून बघायला लागतो. फेब्रुवारी २००९ मध्ये आम्हा चौदा जणांचा हिशोब झाला. शेठ वाईट माणूस नव्हता. सरळ म्हणाला, 'ऑर्डर नथी भाई, घरमांथी आपुं?' ऑर्डर नाही, घरातून देऊ का? मंदीवर इतकं खरं भाषण मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

त्याच काळातले पेपर आठवा. ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांच्या नॅनो गाडीचा कारखाना बंगालमधून उठून अहमदाबादजवळ साणंदला येणार असं जाहीर झालं. जानेवारी २००९ च्या व्हायब्रंट गुजरात या गुंतवणूकदारांच्या मेळाव्यात १२ लाख कोटींहून जास्त रकमेचे करार झाल्याचं छापून आलं. तिकडे सुरतेला हिरे घासायच्या चकत्या, घंट्या म्हणतात त्यांना, बंद पडून कारागीर सौराष्ट्रात आपापल्या गावी परतत होते, आणि आमच्या चहाच्या लारीवर मात्र चर्चा अशी की नॅनोचे पार्ट आता मकरपुऱ्यातच बनणार. मीही तावातावानं बोलायचो. पुढं काय झालं? कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या बनवू शकेल असा उभा राहिला, आणि जून २०१८ च्या अख्ख्या महिन्यात एक नॅनो बनली. एक. माझ्या हातून तिचा एकही पार्ट गेला नाही.

आता साडू. तो एका पक्षाचा कार्यकर्ता. पक्ष कुठला ते सांगत नाही, नाहीतर खाली त्यावरच जुंपेल. आणि दुसरा पक्ष असता तरी मांडववाला तोच असता. त्याच्या नेत्याच्या मंडळानं 'रोजगार मेळावा' ठेवला. लोकसभा तोंडावर होती, आचारसंहिता लागायच्या आत उरकायचं होतं. साडू घरी आला, म्हणाला, 'बायोडेटा दे, बाकी माझ्यावर सोड.' बायोडेटा दिला. चौतिशीतला माणूस, दोन मुली, अकरा वर्षांचा अनुभव, आणि मी सायबर कॅफेत बसून छंद या रकान्यात 'वाचन' लिहिलं.

मेळाव्यात सरबत होतं, सनई होती, प्लॅस्टिकची फाइल फुकट होती. टेबलं सहा. दोन सिक्युरिटीवाल्यांची, एक विम्याचं (पगार नाही, कमिशन), एक मोबाइलची सिमकार्डं विकायचं, एक कोणी आलंच नाही म्हणून रिकामं, आणि एक हालोलकडच्या कारखान्याचं. त्या शेवटच्या टेबलावर माझं नाव लागलं. मला स्टेजवर बोलावलं, नेत्याच्या हस्ते पत्र दिलं, फोटो निघाला. खाली उतरून पत्र वाचलं. ट्रेनी ऑपरेटर, अकरा महिने, स्टायपेंड ३२०० रुपये. जुन्या जागी मी साडेसात हजार घेत होतो.

तरी गेलो. गेटवरच्या वॉचमननं पत्र बघितलं, हसला नाही हे त्याचे उपकार, आणि म्हणाला की भरती सध्या बंद आहे, पुढच्या महिन्यात फोन करा. आत शेडमध्ये निम्मे दिवे बंद होते, ते मला गेटवरूनच दिसत होतं. जिथं जुन्यांना काम नाही तिथं ट्रेनी कशाला घेतील?

एप्रिलमध्ये सकाळच्या पेपरातून एक पत्रक पडलं. 'मंडळाच्या प्रयत्नातून ३४० युवकांना रोजगार', मागे बारीक टाइपात नावं. २१२ वं माझं. बायकोनं वाचलं, मी दाढी करत होतो. त्यावर कडी म्हणजे ते पत्रक दांडिया बाजारात सासऱ्यांकडेही पोचलं. संध्याकाळी त्यांचा फोन, 'जावईबापू, अभिनंदन, कळवायचं तरी!' साडूनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की धाकट्याचं काम मी करून दिलं. पेढे घेऊन आले हो ते घरी. आता त्यांना काय सांगणार? खाल्ले पेढे.

तेव्हापासून माझं आणि साडूचं भांडण चालू आहे. तो म्हणतो, 'नोकरी दिली होती, तूच गेला नाहीस.' मी म्हणतो, पत्र दिलं होतं. लग्न असो, बारसं असो, गौरीचं जेवण असो, वरणभात वाढेपर्यंत हा विषय निघतोच.

या भांडणाच्या नादानं मी आकडे वाचायला शिकलो. पहिली गोष्ट म्हणजे शब्द बघा. २०२० मध्ये, एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचा जीडीपी सरकारी अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आपटलेला असताना, बिहारच्या निवडणुकीत एका बाजूनं १० लाख सरकारी नोकऱ्या सांगितल्या, दुसऱ्या बाजूनं १९ लाख 'रोजगार'. नोकरी आणि रोजगार यात जमीनअस्मानाचा फरक आहे. नोकरीला पगारपत्रक लागतं. रोजगारात भज्यांची लारीही येते, विम्याचा एजंटही येतो, आणि २१२ नंबरचा टर्नरही येतो. आपल्याकडचेच नेते असे आहेत असंही समजू नका. अमेरिकेत २००९ च्या मंदीत ओबामांची माणसं 'निर्माण केलेल्या किंवा वाचवलेल्या' नोकऱ्या मोजत होती. वाचवलेली नोकरी मोजणार कशी? त्यांच्या सल्लागारांचा जानेवारी २००९ चा अंदाज होता की सरकारनं पॅकेज दिलं तर बेकारी ८ टक्क्यांच्या वर जाणार नाही. ऑक्टोबरात ती १० टक्के झाली. त्यावर उत्तर तयार, की पॅकेज नसतं तर आणखी वाईट झालं असतं. असेलही खरं. पण या उत्तराला हरवता येत नाही. आमचा साडू अमेरिकेत शोभला असता.

दुसरं, पीएफचे आकडे. दर महिन्याला इतके लाख नवे सभासद म्हणून बातमी येते. आता माझंच बघा. आज माझं स्वतःचं छोटं जॉबवर्कचं शेड आहे, नऊ माणसं आहेत. उद्या धंदा वाढून मी विसावा माणूस घेतला, तर पीएफचा कायदा लागू होईल आणि आधीपासून माझ्याकडे असलेली माणसंही त्या खात्यात पहिल्यांदा दिसतील. घेतला एक, दिसले अनेक. तसंच हालोलचं. तिथला मोटारीचा मोठा कारखाना १९९६ ला सुरू झाला, २०१७ ला बंद झाला, मग तीच जागा दुसऱ्या कंपनीनं घेतली. नव्या मालकाकडे लागलेला माणूस 'नवीन रोजगार' ठरतो. जुन्या मालकाकडून गेलेला कुठल्याच पत्रकात छापला जात नाही.

आणि केंद्र सरकारच्या नोकरीची वाट बघणाऱ्यांनी तर संसदेतलं उत्तरच वाचावं. जुलै २०२२ मध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलं की २०१४ पासूनच्या आठ वर्षांत २२.०५ कोटी अर्ज आले आणि निवड झाली ७.२२ लाखांची. शंभरात अर्धाही माणूस नाही. विरोधी पक्षाचा नाही, सरकारचाच आकडा आहे.

माझं मत ठोक आहे. मंदीत नोकरी देतो ऑर्डरवाला, भाषणवाला नाही. कामावर एक पोरगा वाढवायचा म्हणजे काय असतं ते मला विचारा. व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन, वीस-पंचवीस लाखांचं, बँकेचा हप्ता, विजेचं बिल, आणि मशीन पोटभर चालवायला सहा महिन्यांचं काम हातात. एवढं झालं की एक नोकरी, दोन पाळ्या धरल्या तर दोन. लाख म्हणताना यांची जीभ कशी अडखळत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

आता थोडं स्वतःबद्दलही सांगायला पाहिजे, नाहीतर साडू हे वाचून हसेल. पत्रात हजर व्हायची तारीख होती सोमवारची. मी गेलो शुक्रवारी. ३२०० रुपयांत जायचं की नाही यावर चार दिवस घरात खल चालला होता. सोमवारी गेलो असतो तर? आमच्यातले सहा जण वेळेवर गेले होते. चौघांना तेच उत्तर मिळालं, दोघांना घेतलं आणि तीन महिन्यांत काढलं. म्हणजे फार बिघडलं नाही. पण साडूचा मुद्दा अगदीच हवेत नाही, हे लिहून टाकतो. घरी बोलणार नाही.

दुसरं त्याहून वाईट. २०२० च्या लॉकडाउननंतर साडूचा मुलगा माझ्या शेडवर आला. मेकॅनिकलचा डिप्लोमा, शांत पोरगा. 'काका, काहीही काम द्या.' तेव्हा माझी निम्मी माणसं यूपीला गावी गेलेली आणि उरलेल्यांना तीन दिवसांचं काम. मी त्याला म्हणालो, 'दिवाळीनंतर नक्की.' म्हणतानाच मला माहीत होतं की दिवाळीनंतरही काही नाही. चहा पाजला आणि पाठवला. त्या शेठसारखं तोंडावर 'ऑर्डर नथी' म्हणायला जिगर लागते, ती माझ्यात निघाली नाही. साडूनं ही गोष्ट किती वेळा काढली असेल ते विचारू नका.

त्या पोरानं मग सरकारी परीक्षांचा नाद धरला. २९ जानेवारी २०२३, गुजरातेतली ज्युनियर क्लार्कची परीक्षा, हजार-बाराशे जागांना साडेनऊ लाखांच्या आसपास अर्ज. पहाटेची बस धरून हा दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावर पोचला, तेव्हा कळलं की पेपर फुटला, परीक्षा रद्द. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. साडू पक्षाबद्दल काही बोलला नाही. मीही पत्रक काढलं नाही. टीव्ही चालू होता.

सगळीच आश्वासनं खोटी असतात असं मात्र लिहिणार नाही. माझ्या आईचं माहेर तासगावकडचं. १९७२ च्या दुष्काळात माझे मामा खडी फोडायला जायचे, सुकडी खायचे, आणि आठवड्याला मजुरी हातात पडायची. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून आलेली रोजगार हमी ती. पुढं १९७७ ला महाराष्ट्रानं तिचा कायदा केला आणि त्यासाठी व्यवसाय कर बसवलेला होता, म्हणजे पैसा कुठून येणार तेही ठरलेलं. मागेल त्याला काम, हे आश्वासन असं पाळलं गेलं. मामा नेत्यांना शिव्या द्यायचे, पण त्या कामाला कधी दिली नाही. गंमत बघा, तिथं कोणी 'लाखो नोकऱ्या' म्हटलं नव्हतं. खडी फोडायची आहे, एवढंच म्हटलं होतं. आणि साणंदलाही आज दुसऱ्या गाड्या बनतात, लोक कामाला आहेत, हेही मी नाकारत नाही. फक्त २००९ मध्ये घरी बसलेल्या माणसाला दहा वर्षांनंतरच्या कारखान्याचा उपयोग नसतो. त्याला पुढच्या महिन्याचं दूध भरायचं असतं.

तर तुमच्या भावाला एवढंच विचारायला सांगा: कुठलं खातं, किती जागा, जाहिरात निघाली का, पैशाची तरतूद झाली का. आणि गुजरातेत असाल तर पहिली पाच वर्षं फिक्स पगार, म्हणजे पूर्ण वेतनाऐवजी मिळणारी ठरावीक रक्कम, किती तेही. नेत्याच्या माणसानं 'बायोडेटा दे, बाकी माझ्यावर सोड' म्हटलं तर द्या बिनधास्त, पण यादीत नाव छापायचं नाही असं लिहून घ्या.

ते हालोलचं पत्र अजून माझ्याकडे आहे, नेत्याबरोबरच्या फोटोसकट. इथं टाकणार होतो. बायकोनं कपाटाची किल्ली लपवली आहे, गौरीला तिची बहीण जेवायला यायची आहे म्हणून.