ओझी स्मिथ यांचा मान कशामुळे?

प्रश्न : अमेरिकेत मुलाकडे राहत असताना मला बेसबॉलची गोडी लागली. ओझी स्मिथ यांनी 19 हंगामांत अवघे 28 होम रन (बहुधा चेंडू थेट सीमेपार धाडून एका फटक्यात पूर्ण होणारी धाव) काढले आणि त्यांची फलंदाजीची सरासरीही .262 (म्हणजे दर हजार प्रयत्नांत 262 यशस्वी फटके) एवढीच राहिली. तरीही 2002 मध्ये पहिल्याच मतदानात ते हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, कसे निवडले गेले?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण दिलेले आकडे बरोबर आहेत, परंतु ते फलंदाजीचे आहेत आणि स्मिथ यांची थोरवी क्षेत्ररक्षणात आहे. ते शॉर्टस्टॉप या जागी खेळत. हा क्षेत्ररक्षक दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावणाऱ्या खेळाडूने गाठायच्या थांब्यांच्या) मधोमध उभा असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजांचे जमिनीलगतचे जोरदार फटके बहुधा त्याच्याच दिशेने येतात, आणि चेंडू अडवून भागत नाही. धावणारा फलंदाज पोहोचण्याआधी तो मैदानाच्या पार पलीकडे, पहिल्या बेसवर फेकावा लागतो.

एप्रिल 1978 मध्ये, सॅन दिएगो पाद्रेस या संघाकडून पहिलाच हंगाम खेळताना, अटलांटा संघाच्या जेफ बरोज यांच्या फटक्यावर स्मिथ यांनी डावीकडे सूर मारला. हातमोजा पुढे झेपावलेला असतानाच चेंडूने वेडीवाकडी उसळी घेतली आणि तो मागे निघाला. स्मिथ यांनी हवेतच उजवा उघडा हात मागे नेऊन तो पकडला, क्षणात उठून पहिल्या बेसवर फेकला आणि बरोज बाद झाले. हा झेप घेतलेला क्षण मी कितीदा पाहिला असेल, तरी हात मागे जातो तेव्हा अजूनही श्वास रोखला जातो.

1980 मध्ये त्यांनी 621 असिस्ट (चेंडू अडवून किंवा फेकून फलंदाज वा धावपटू बाद होण्यास केलेली मदत) नोंदवले. एका हंगामातला शॉर्टस्टॉपचा तो विक्रम अजून अबाधित आहे. 1982 मध्ये ते सेंट लुइस कार्डिनल्स या संघाकडे आले आणि त्याच वर्षी संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली. 1985 मध्ये उजव्या खांद्याला इजा झाली, तेव्हा शस्त्रक्रिया टाळून त्यांनी फेकण्याची पद्धतच बदलली. त्या दुखऱ्या खांद्यानिशी त्यांनी पुढेही गोल्ड ग्लव्ह, म्हणजे आपल्या जागी सर्वोत्तम क्षेत्ररक्षण करणाऱ्याला मिळणारे पुरस्कार, मिळवले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. 1980 ते 1992 अशी सलग 13 वर्षे हा पुरस्कार त्यांच्याकडेच राहिला.

फलंदाजीतही ते अगदीच कच्चे नव्हते. त्यांच्या नावावर 2,460 हिट (बेस गाठून देणारे यशस्वी फटके) आणि 580 चोरलेले बेस (फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेले पुढचे बेस) आहेत. मात्र 1996 मध्ये निवृत्त झालेल्या या खेळाडूला मतदारांनी जी 91.7 टक्के मते दिली, ती प्रामुख्याने त्याने अडवलेल्या धावांसाठी होती.