जागा सोडू नकोस

पोरी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले होते, पण फोटो पाहिल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं. पाहिले, सगळे पाहिले. खोपोलीच्या इमॅजिका पार्कात घरादारासकट घालवलेला रविवार, हजाराच्या वर फोटो, त्यात मनासारखा एकही नाही, आणि परतीच्या वाटेवर बाबांचं ते वाक्य: "तू आमच्यात होतीसच कुठे?" ते तुला लागलंय. म्हणून एकीकडे विचारतेस की पुढच्या वेळी कॅमेरा घरीच ठेवू का, आणि चार ओळी खाली विचारतेस की लांबचं जवळ आणणारी मोठी ७०-२०० लेन्स भाड्याने घेऊ का. गोंधळ समजला. पण फोटो बघताना मला राग आला तो निराळ्याच गोष्टीचा. तू दिवसभर पळत होतीस.

नायट्रोचे, म्हणजे तिथल्या त्या मोठ्या रोलरकोस्टरचे, तुझे फोटो एकामागून एक लावून बघ. एक फाटकाजवळून, एक खाण्याच्या स्टॉलपासून, एक कुठल्याशा झाडाआडून. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन क्लिक, की निघाली पुढे. कुठे गाडीचं नुसतं शेपूट, कुठे रिकामा रूळ, कुठे आभाळच आभाळ. जागा सोडू नकोस. मला सांगायचंय ते एवढंच, आणि पत्र संपेपर्यंत मी तेच सांगणार आहे.

अगं, पक्ष्यांचे फोटो काढणारी माणसं पहाटेपासून दबा धरून बसतात आणि पक्षी येईल याची कसलीही हमी नसते. तुझी गाडी मात्र त्याच रुळावरून, त्याच वळणावर, काही मिनिटांनी पुन्हा येणारच आहे. यापेक्षा सोयीचा विषय कुठे मिळणार? रविवारच्या गर्दीत घरची मंडळी रांगेला लागल्यापासून गाडीत बसेपर्यंत कितीतरी फेऱ्या होतात. त्या प्रत्येक फेरीत अनोळखी लोक बसलेले असतात आणि ती प्रत्येक फेरी ही तुझी रंगीत तालीम असते. पहिल्या फेरीत फोकस चुकेल, दुसरीत गाडी चौकटीतून निसटेल, तिसरीत कळेल की समोरचा खांब मधे येतोय आणि दोन पावलं डावीकडे सरकायला हवं. दोन पावलं सरकणं म्हणजे जागा सोडणं नव्हे. भाऊ आणि बाबा वरून येतील तेव्हा तुझा हात तयार असला पाहिजे, आणि हात एकाच जागी तयार होतो.

पार्कचा स्वतःचा कॅमेरा कसा काम करतो बघ. राइड संपली की बाहेर काउंटरवर तुमचे किंचाळतानाचे फोटो विकायला लावलेले असतात ना? तो कॅमेरा एका जागी पक्का बसवलेला असतो. गाडी ठरलेल्या ठिकाणी आली की तो आपोआप फोटो घेतो. त्याला डोकं नाही, दृष्टी नाही, तरी माणसं पैसे मोजून त्याचा फोटो घरी नेतात. तुला तर डोकंही आहे आणि दृष्टीही. फक्त पाय थाऱ्यावर नाहीत.

आता जागा कोणती, ते सांगते. त्यासाठी गाडी कशी चालते ते ठाऊक हवं. नायट्रो स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीनं बनवलेली आहे. उंची साधारण ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटरपर्यंत, आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो. साखळी गाडीला माथ्यावर ओढून नेते, पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणाचं काम. माथ्यावर गंमत असते. पुढची रांग उतारावर लोंबायला लागते तेव्हा मागचे डबे अजून चढावर असतात, म्हणून पुढचे लोक तिथे हळू, जवळजवळ रेंगाळत पुढे येतात. मागची रांग माथ्यावर पोचते तोवर गाडीनं वेग धरलेला असतो आणि ती रांग खेचली जाते. त्यामुळे भाऊ पुढे बसणार की मागे, हे त्याला रांगेत जाण्याआधी विचारून ठेव. पुढे बसला तर माथ्यापाशी त्याचा चेहरा मिळवायला तुला भरपूर वेळ आहे. मागे बसला तर तिथे उभं राहून हाती फारसं लागणार नाही.

लूपही, म्हणजे गाडीला उलटं करून आणणारा रुळाचा तो उभा वेढाही, नीट बघ. तो पूर्ण गोल नसतो, थेंबासारखा वर निमुळता असतो. वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरनं १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनच्या रेव्होल्यूशनसाठी तसा लूप आखला, आणि तेव्हापासून लूपचा हाच आकार रूढ झाला. पूर्ण गोलात शिरताना मानेवर आणि पाठीवर फार जोर येतो. थेंबाच्या आकारात खालचं वळण पसरट असतं, म्हणून तो जोर आवाक्यात राहतो. तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे: लूपमध्ये गाडी सगळ्यात हळू असते ती अगदी वर. तिथे फोकस आधीच लावून ठेव आणि गाडी तिथे येऊ दे. गाडीमागे कॅमेरा घेऊन धावू नकोस.

शटर किती वेळ उघडं राहतं त्याचा हिशेब एकदा कागदावर मांड. ताशी १०५ म्हणजे सेकंदाला २९ मीटर. १/१००० सेकंदात गाडी तीन सेंटिमीटर सरकते, १/६० सेकंदात जवळजवळ अर्धा मीटर. तू सगळे फोटो १/४००० वर काढलेस. गाडी इतकी स्वच्छ गोठली आहे की ती तिथे उभी करून ठेवल्यासारखी वाटते. चेहरे हवे असतील तेव्हा १/१०००च्या आसपास ठेव. वेग दाखवायचा असेल तेव्हा १/६० वर ये, गाडीबरोबर कॅमेरा कमरेतून फिरव, म्हणजे माणसं स्पष्ट राहतील आणि मागचा डोंगर वाहून गेल्यासारखा दिसेल. हे पहिल्या फेरीत जमत नाही, पुढच्या फेऱ्यांत जमतं, पण त्यासाठी तू तिथेच असायला हवीस. आणि पावसाळी पांढऱ्या आभाळावर एक्स्पोजर एक स्टॉप वाढव, म्हणजे प्रकाश दुप्पट घे. तुझे निम्मे चेहरे काळे पडलेत ते त्यामुळेच.

चेहऱ्यांवरून आठवलं. तुझ्या हजार फोटोंतला एक मला आवडला, जो तू बहुतेक टाकून देणार होतीस. भावाचा चेहरा खांद्यावरच्या त्या जाड पट्ट्यांमागे लपलाय, पण पाय दिसतात. नायट्रोच्या गाडीला पायाखाली जमीन नसते, पाय उघड्यावर लोंबतात. बाकी तिघांचे पाय सैल सुटलेत आणि तुझ्या भावानं गुडघे जवळ घेतलेत, एका पायाचा घोटा दुसऱ्यावर घट्ट अडकवलाय. घरी तो म्हणाला असेल की मला अजिबात भीती वाटली नाही! हा फोटो जपून ठेव. आणि पुढच्या वेळी असा फोटो अपघातानं मिळायची वाट पाहू नकोस, त्या पायांसाठी खालच्या वळणाजवळची जागा आधीच हेरून ठेव.

आणखी एक माणूस तुझ्या फोटोंत कुठेच नाही. पिशव्या सांभाळणारा. प्रत्येक घरात तो असतोच, बहुतेकदा ती असते. सगळे वर जातात, ती खाली कुंपणापाशी चष्मे, पाकिटं, मोबाईल, डबे आणि लहानाची बाटली घेऊन मान वर करून उभी. तुमच्याकडे कोण होतं? आजी? मग आजीचा एकही फोटो कसा नाही?

गोराईच्या एस्सेलवर्ल्डला आम्ही बोटीतून जायचो. ते १९८९ साली सुरू झालं, तेव्हा ३६ फोटोंचा रोल असायचा आणि प्रत्येक क्लिकला पैसे पडायचे. एकदा आत्या बरोबर होती, नऊवारीत. सगळे कोस्टरवर गेले आणि ती खाली पिशव्यांजवळ उभी राहून वर बघत होती. ओठ हलत होते. बहुतेक स्तोत्र म्हणत असावी, सगळे खाली येईपर्यंत. मी कॅमेरा उचलला, तेवढ्यात मंडळींनी हाक मारली, "चल ग, काय सारखं त्या डब्यात डोकं घालून बसतेस!" आणि मी गेले. मला आजही वाटतं की तेव्हा माझा हट्ट कमी पडला. आत्या गेली, २०२२ साली एस्सेलवर्ल्डही बंद झालं. त्यानंतर मला कोणी कितीही हाका मारल्या तरी मी हललेले नाही. घरात यावरून बोलणी खाल्ली. 'आली आमच्याबरोबर आणि उभी कुंपणापाशी', असं माझ्या तोंडावर म्हटलं गेलंय. म्हणू देत. आज लग्नात, बारशाला, कुणी गेल्यावर फोटो शोधायची वेळ येते तेव्हा सगळे माझ्याकडेच येतात, आणि मी काढलेल्या फोटोंत पिशव्या धरणारेही असतात. एक सांगते, बाईच्या हातात कॅमेरा असला की घरचे आधी तिच्या दुसऱ्या हातात पिशवी देतात. ती घेऊ नकोस, किंवा घेतलीस तर आळीपाळीनं सगळ्यांना धरायला लाव.

आता बाबांचं वाक्य. मला ते रास्त वाटतं. तू कॅमेरा आणलास म्हणून ते तसं बोलले नाहीत. दिवसभरात तू कुठे आहेस हे त्यांना एकदाही माहीत नव्हतं, म्हणून बोलले. फाटकापाशी शोधलं तर तू स्टॉलवर, स्टॉलवर शोधलं तर तू झाडामागे. पुढच्या वेळी रांगेत जाण्याआधी त्यांना हात धरून कुंपणापाशी ने आणि सांग, "बाबा, मी इथे असेन, याच खांबाजवळ. गाडी त्या वळणावर आली की इकडे बघा." मग ते बघतील. ताशी शंभराच्या वेगात उलटे लटकलेले असतानाही बाप मुलीला शोधतोच. तू जागेवर असलीस की तू त्यांच्यात असतेस. कॅमेरा घरी ठेवून तू गर्दीत दुसरीकडे भटकलीस तर ते तेच म्हणतील.

एक फेरी मात्र त्यांच्याबरोबर बसच, आणि शक्यतो सकाळीच. पोटात खड्डा कुठे पडतो, हात आपोआप कुठे घट्ट होतात, हे अंगावर घेतल्याशिवाय खाली कुठे उभं राहायचं ते कळणार नाही. तेव्हा कॅमेरा आणि मोबाईल दोन्ही लॉकरमध्ये. तू लिहिलंस की चुलतभाऊ खिशातून मोबाईल नेऊन वरून व्हिडिओ काढायचं म्हणत होता. त्याला माझ्याकडून सांग: ४० मीटरवरून सुटलेली वस्तू खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या जवळ गेलेला असतो, आणि खाली तुझ्या आजीसारखं कुणीतरी वर बघत उभं असतं. यात मला कुठलीही सबब चालणार नाही. तसंच चांगल्या कोनासाठी कुंपण ओलांडायचं नाही. जो कोन कुंपणाच्या अलीकडून मिळत नाही, तो आपला नाही.

उन्हाचंही बघ. सकाळी आल्या आल्या एक फेरफटका मार, कॅमेरा पिशवीतच ठेवून. दुपारनंतर चेहऱ्यांवर ऊन कुठून येईल याचा अंदाज घे, दोन जागा ठरव, एक माथ्यासाठी आणि एक पायांसाठी. दोनच. तिसरी सापडली तरी तिच्याकडे जाऊ नकोस. मोह होईल, मलाही होतो, समोरच्या बाजूला नेहमीच काहीतरी जास्त छान दिसतं. तरी जागा सोडू नकोस. जोराचा पाऊस आला आणि राइड थांबवली तर आडोशाला जा, ओल्या रेनकोटातल्या घरच्यांचे फोटो काढ, आणि पुन्हा सुरू झाली की त्याच खांबाजवळ ये.

आणि लेन्सचं. भाड्यानं काहीही घेऊ नकोस. तुझ्याकडची ५५-२५० दिवसाउजेडी पुरेशी आहे. तीस मीटरवरून २५० वर तुझ्या चौकटीत दोन-तीन माणसं मावतात, याहून जवळ तुला काय हवंय? भाड्याचे पैसे वाचतील त्यात आजीसाठी एक घडीची खुर्ची घे, आत नेऊ देतात का ते आधी फोन करून विचार. दिवाळीनंतर जाणार असाल तर मला तारीख कळव. आणि या वेळी निवडक फोटो पाठवू नकोस, काढलेत त्या क्रमानं सगळे पाठव, बिघडलेलेसुद्धा. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत मला तोच खांब दिसला पाहिजे.

तुझी,
काकू