तेलाचा लाल दिवा : स्विच बदलायचा की इंजिन उघडायचं?

जुन्या गाड्यांतल्या ऑइल प्रेशर स्विचबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : माझी 1997 ची कार्ब्युरेटरवाली मारुती 800 आहे. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढून वर आल्यावर गाडी आयडलिंगला ठेवली की तेलाचा दिवा लुकलुकतो. थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला की विझतो. मेकॅनिकने ऑइल स्विच नवा टाकला, तरी तेच. आता तो इंजिन बांधायला, म्हणजे पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलायला सांगतोय.

उत्तर : नवा स्विचही तेच सांगत असेल तर स्विचचं म्हणणं ऐका. पण इंजिन बांधायच्या गोष्टी इतक्यात नकोत. हा स्विच प्रेशर मोजत नाही. त्याच्या पोटात एक पडदा, स्प्रिंग आणि एक संपर्क एवढंच असतं. प्रेशर ठरावीक पातळीखाली गेलं की संपर्क जुळतो आणि दिवा लागतो. ही पातळी बहुतेक गाड्यांत अर्ध्या किलोच्याही आत असते (मेकॅनिकचा किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो). धडधाकट इंजिन गरम असताना आयडलिंगला एक किलोच्या आसपास प्रेशर देतं आणि 3000 आरपीएमला तीन किलो किंवा जास्त. म्हणजे दिवा लुकलुकेपर्यंत प्रेशर बरंच खाली आलेलं असतं.

आधी गाडी सपाट जागी लावून, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी तेल मोजायची पट्टी काढा. तेल कमी असेल तर कारण समोरच आहे. आणि वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, पट्टीचा वास घ्या. तुमच्या मॉडेलला यांत्रिक पेट्रोल पंप आहे. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) उतरतं, तेल पातळ होतं आणि गरम झाल्यावर प्रेशर कोसळतं. असं असेल तर पंप, तेल आणि फिल्टर बदलून भागतं. बेअरिंग फार काळ पातळ तेलावर चाललेली नसली म्हणजे झालं.

पेट्रोलचा वास नसेल तर स्विच काढून त्याच आट्यांत यांत्रिक प्रेशर गेज लावा. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत जोडणीसकट मिळतो. इंजिन पूर्ण गरम करून आयडलिंगचा आणि 3000 चा, असे दोन्ही आकडे लिहून घ्या. दोन्ही चांगले असतील तर नवा स्विचच सदोष, आणि स्वस्त मालात हे होतं. दोन्ही कमी असतील तर चेंबर खोलून तेल ओढणाऱ्या नळीची जाळी पाहा, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) अडकलाय का पाहा. हे करूनही आकडे हलले नाहीत तरच तेलाचा पंप आणि बेअरिंगकडे वळा. ‘जाड तेल घाला, दिवा जाईल’ हा सल्लाही तुम्हाला मिळेल. दिवा खरंच जाईल, पण झीज तशीच राहील आणि सकाळी थंड इंजिनात तेल वर चढायला उशीर लागेल. गाडी विकायची असेल त्यालाच तो सल्ला सोयीचा.

प्रश्न : जुनी झेन. स्विचच्या प्लगमध्ये तेल भरतं, खाली थेंब पडतात. घरी बदलता येईल का? त्यासाठी सगळं तेल काढावं लागतं का?

उत्तर : येईल, आणि तेल काढावं लागत नाही. इंजिन बंद असताना स्विचच्या भोकातून थोडंसंच तेल येतं, खाली फडकं धरा म्हणजे झालं. प्लगमध्ये तेल म्हणजे आतला पडदा गेला, हे निदान जवळपास पक्कं. एकदा पुसून, गाडी चालवून पुन्हा बघा, म्हणजे फिल्टरच्या रबरातून गळून इथे ओघळत नाही ना ते कळेल.

इंजिन कोमट होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. स्विचच्या भोवतीची घाण ब्रशने साफ करा, कारण ते भोक थेट तेलाच्या वाटेत उघडतं. प्लग ओढताना वायर धरू नका. इतक्या जुन्या गाडीत प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. स्विचला बसणारी खोल गोटी (डीप सॉकेट) लागते. जपानी धाटणीच्या स्विचला बहुधा 24 ची बसते, पण घेण्याआधी मोजून पाहा. स्क्रू पाना किंवा पक्कड लावाल तर कडा गोल होतील.

बसवताना घाई नको. झेनचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे आणि स्विचचे आटे निमुळते, म्हणजे पुढे जाल तसे घट्ट होणारे. पहिले दोन-तीन फेरे हातानेच गेले पाहिजेत. मग 12 ते 15 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा आणि थांबा. दोन-तीन आटे बाहेर दिसत राहतील, ते तसेच असतात. षटकोन ब्लॉकला टेकेपर्यंत आवळणारे पुढे आटे पाडून देणाऱ्याकडे जातात. पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा.

प्रश्न : आट्यांवर टेफ्लॉन टेप लावावी का?

उत्तर : नको. एका वायरीच्या स्विचला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं. शिवाय टेपचा तुकडा तेलाच्या वाटेत गेला तर कुठे अडकेल सांगता येत नाही. नव्या स्विचवर बरेचदा सीलंट लावूनच येतं. नसेल तर पातळ थ्रेड सीलंटचा हलका हात द्या, टोकाचे एक-दोन आटे कोरे सोडून.

प्रश्न : जुनी गाडी घेतोय. चावी ऑन केली की बॅटरीचा दिवा लागतो, तेलाचा लागत नाही. मालक म्हणतो, ‘बल्ब गेलाय.’

उत्तर : गेला असेलही. स्विचची वायर काढून क्षणभर ब्लॉकच्या कोऱ्या धातूला टेकवा, चावी ऑन ठेवून. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक, स्विच मेलाय. नाही लागला तर बल्ब, फ्यूज किंवा वायर. आणि प्लगच काढून ठेवलेला आढळला, तर मालकाला दिव्याची कटकट नको होती एवढं कळलं. अशा गाडीला गेज लावून प्रेशर बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

प्रश्न : जुन्या महिंद्रा एमएम 540 जीपला नवा ऑइल मीटर आणि दुसऱ्या दुकानातून सेंडर घेतला. इंजिन बंद असताना काटा पार वर, चालू केलं की खाली येतो. मीटर उलटा लागलाय का?

उत्तर : मीटर सरळ आहे, जोडी चुकली आहे. तुमच्याकडचा भाग दिव्याचा स्विच नसून सेंडर आहे. प्रेशरप्रमाणे त्याचा रेझिस्टन्स बदलतो. युरोपीय पद्धतीचा सेंडर शून्य प्रेशरला 10 ओहमच्या आसपास असतो आणि प्रेशर वाढेल तसा 180 कडे जातो. अमेरिकन पद्धतीचा 240 वरून 33 कडे उतरतो. एकाचा मीटर आणि दुसऱ्याचा सेंडर जोडला की तुम्ही लिहिलंय तसंच होतं. मल्टिमीटरने इंजिन बंद असताना सेंडरचा रेझिस्टन्स मोजा, कोणत्या घराण्याचा ते लगेच कळेल. मग मीटरला जुळणारा सेंडर घ्या.

दुकानातच आटेही तपासा. एक अष्टमांश इंचाच्या ब्रिटिश-जपानी निमुळत्या आट्यात इंचाला 28 फेरे, अमेरिकनमध्ये 27. दोन-तीन फेरे एकमेकांत आरामात जातात, त्यामुळेच फसगत होते. जुना काढलेला भाग खिशात घेऊन जा आणि काउंटरवर दोन्हींचे आटे एकमेकांत बसवून पाहा. फट दिसली तर तो सेंडर घेऊ नका.