न्यूकॅसल नाइट्सच्या मुली: पाच पराभव आणि त्यानंतरची दोन विजेतेपदं

प्रश्न असा आहे: ऑस्ट्रेलियातल्या महिला रग्बी लीगमध्ये न्यूकॅसल नाइट्सचा संघ पहिल्या हंगामात पाचपैकी पाचही सामने हरला आणि लगेच पुढच्या हंगामात विजेता झाला. मग हे यश पैसे टाकून विकत घेतलेलंच ना? आणि ज्याला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही, त्याने या संघाकडे का बघावं?

ही स्पर्धा 2018 मध्ये सुरू झाली तेव्हापासून मी ती बघते आहे, आणि न्यूकॅसल हा माझा जीव लावलेला संघ आहे. तेव्हा थोडं सविस्तर लिहिते. बाहेरून खेळाडू आणल्या हे खरंच आहे. पण नुसत्या तेवढ्यावर ती ट्रॉफी आली असती असं मला अजिबात वाटत नाही, आणि त्याची कारणं आकड्यांतही दिसतात.

आधी खेळाबद्दल, कारण इथेच गल्लत होते. आपल्याकडे रग्बी म्हटलं की 15 जणांची किंवा ऑलिंपिकमधली 7 जणांची रग्बी डोळ्यांसमोर येते. पुण्याच्या वाहबिज भरूचाने भारतीय महिला संघाचं कर्णधारपद केलं ते त्या रग्बीत. रग्बी लीग हा वेगळा खेळ आहे. एका बाजूला 13 खेळाडू. कबड्डीत पकड झाली की चढाई संपते. इथे पकड झाली की खेळाडू उठते, चेंडू पायाने मागे ढकलते आणि पुन्हा चढाई सुरू होते. अशा सहा पकडी, म्हणजे सहा टॅकल, झाल्या की चेंडू समोरच्या संघाला द्यावा लागतो. म्हणून बहुतेक वेळा पाचव्या टॅकलनंतर चेंडू लाथेने लांब मारतात. चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला की ट्राय, त्याचे 4 गुण. ट्रायनंतरची किक खांबांमधून गेली की आणखी 2. चालू खेळात चेंडू टप्पा पाडून खांबांमधून मारला तर 1, त्याला फील्ड गोल म्हणतात. एवढं कळलं की सामना बघता येतो.

2018 मध्ये स्पर्धेत चारच संघ होते: ब्रिस्बेन ब्रॉन्कोज, सिडनी रूस्टर्स, सेंट जॉर्ज इलावारा ड्रॅगन्स आणि न्यूझीलंड वॉरियर्स. साखळीत प्रत्येक संघाला तीन सामने, मग थेट अंतिम सामना. पहिली तिन्ही विजेतेपदं ब्रॉन्कोजने घेतली. 2021 च्या हंगामात न्यूकॅसल, पॅरामॅटा ईल्स आणि गोल्ड कोस्ट टायटन्स असे तीन नवे संघ आले, वॉरियर्सनी माघार घेतली आणि संघ सहा झाले. कोव्हिडमुळे तो हंगाम ढकलत ढकलत फेब्रुवारी 2022 च्या शेवटी सुरू झाला. 2022 चा स्वतःचा हंगाम मात्र त्याच वर्षी, ऑगस्टपासून होता. त्यामुळे एकाच वर्षात दोन विजेते झाले: एप्रिलमध्ये रूस्टर्स, ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसल. "सहा महिन्यांत तळापासून वर" हे जे ऐकू येतं ते या विचित्र वेळापत्रकामुळे.

आता तो पहिला हंगाम. न्यूकॅसलने पहिलाच सामना घरच्या मैदानावर पॅरामॅटाविरुद्ध खेळला आणि 12-13 असा हरला. पॅरामॅटाच्या मॅडी स्टडनने मारलेल्या फील्ड गोलचा तो एक गुण. पुढचे चारही सामने गेले. गुणतक्त्यात तळ, ज्याला तिथे वुडन स्पून म्हणतात. लोक हा हंगाम "शून्य विजय" एवढ्या दोन शब्दांत उडवून लावतात, ते मला पटत नाही. नवा क्लब, माघार घेतलेल्या वॉरियर्समुळे मोकळ्या झालेल्या न्यूझीलंडच्या काही मुली, काही स्थानिक मुली, आणि सगळ्यांना एकमेकींची सवय व्हायच्या आत संपलेले पाच सामने. तळाला राहिलेल्या त्या संघातली प्रॉप, म्हणजे पुढे राहून ताकदीने घुसणारी खेळाडू, केटलन जॉन्स्टन पुढच्या हंगामात विजेत्या संघातही पहिल्या फळीत होती.

दोन हंगामांच्या मधल्या काही महिन्यांत तीन गोष्टी झाल्या. ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी, समाजातले रोनाल्ड ग्रिफिथ्स प्रशिक्षक म्हणून आले. ब्रॉन्कोजमधून फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे उभी राहणारी, टमीका अप्टन आणि प्रॉप मिली बॉइल आल्या. बॉइल तर 2021 च्या हंगामाची सर्वोत्तम खेळाडू, तो डॅली एम पुरस्कार तिला आणि ड्रॅगन्सच्या एमा टोनेगाटोला मिळून मिळालेला. आणि तिसरी गोष्ट म्हणजे साउथवेल बहिणी, हॅना आणि जेसी.

खरेदीबद्दल बोलायचं तर दोन मुद्दे लक्षात घ्या. त्या काळात खेळाडूंचे करार एकेका हंगामाचे असायचे. हंगाम संपला की जवळजवळ सगळ्याच मोकळ्या, त्यामुळे बाजार न्यूकॅसलइतकाच बाकीच्या क्लबांनाही उघडा होता. दुसरं म्हणजे प्रत्येक क्लबच्या एकूण मानधनावर मर्यादा असते. दोन-तीन मोठी नावं घेता येतात, अख्खा संघ विकत घेता येत नाही. उरलेल्या दहा-बारा जणी आपल्याच मातीतून उभ्या कराव्या लागतात.

आणि न्यूकॅसलची ती माती चांगली आहे. सिडनीच्या उत्तरेला, हंटर नदीच्या मुखाशी वसलेलं हे कोळशाचं बंदर. 1915 ते 1999 तिथे मोठा पोलाद कारखाना होता. खाणकामगार आणि भट्टीवाल्यांच्या या गावात रग्बी लीग घराघरात. नाइट्सचा पुरुषांचा संघ 1988 मध्ये मोठ्या स्पर्धेत आला, 1997 आणि 2001 मध्ये जिंकला, आणि मग गावाने नुसती वाट बघितली. 2015 ते 2017 सलग तीन वर्षं तो संघ तळाला होता. मुलींचा वरिष्ठ संघ येण्याआधीपासूनच क्लबच्या किशोरवयीन मुली टार्शा गेल कप या कनिष्ठ स्पर्धेत खेळत होत्या. मोठ्या झाल्यावर त्यांना घरच्या गावात खेळायला संघ नव्हता, म्हणून त्या सिडनीच्या क्लबांकडे जायच्या. हॅना साउथवेल तशीच बाहेर खेळून, ऑस्ट्रेलियाची खेळाडू होऊन परतलेली. तिची धाकटी बहीण जेसी हाफबॅक. हाफबॅक म्हणजे डोकं चालवणारी जागा: कुठल्या बाजूला खेळायचं, कधी किक मारायची, हे तीच ठरवते. 2022 मध्ये जेसी 17 वर्षांची होती. हंगामाच्या सुरुवातीलाच हॅनाचा गुडघा गेला आणि ती बाहेर बसली. तरी संघ डगमगला नाही. पाचपैकी चार सामने जिंकून दुसरा आला आणि उपांत्य सामन्यात त्याने ड्रॅगन्सना 30-6 असं हरवलं.

खेळ नेमका कसा बदलला ते सांगते, कारण गुणफलकावर ते दिसत नाही. पहिल्या-दुसऱ्या टॅकलला चेंडू बॉइल किंवा जॉन्स्टनच्या हातात. त्या सरळ भिंतीत घुसायच्या, तिघी-चौघींना अंगावर घेऊन पडायच्या आणि झटकन उठायच्या. नियमाप्रमाणे बचाव करणाऱ्यांना दर टॅकलनंतर दहा मीटर मागे सरकावं लागतं. समोरची झटकन उठली की त्यांना सरकायला वेळच मिळत नाही. त्या विस्कटलेल्या रांगेसमोर तिसऱ्या-चौथ्या टॅकलला जेसीकडे चेंडू, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला अचानक अप्टन. अप्टनकडे चेंडू नसताना तिच्याकडेच बघत राहा, असं मी प्रत्येक नव्या प्रेक्षकाला सांगते. ती मागे सावकाश चालत असते, कुठे मोकळी जागा पडते आहे ते हेरत. मग दोन पावलांत वेग पकडते, आणि पास तिच्या हातात पडतो तेव्हा समोर कोणी उरलेलंच नसतं. पहिल्या हंगामात न्यूकॅसलकडे ढकलणाऱ्या मुली होत्या, पण शेवटचा घाव घालणारी नव्हती.

2 ऑक्टोबर 2022 ला सिडनीच्या ॲकॉर स्टेडियमवर अंतिम सामना झाला. समोर पॅरामॅटा! साखळीत एकच सामना जिंकून कसाबसा चौथा आलेला, पण उपांत्य सामन्यात अव्वल रूस्टर्सना 24-10 असा धक्का दिलेला संघ. सात महिन्यांपूर्वी ज्यांच्याकडून एका गुणाने पहिला सामना हरला, त्यांनाच न्यूकॅसलने 32-12 असं हरवलं. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं कॅरिन मर्फी पदक अप्टनला. नाइट्स नावाच्या कुठल्याही वरिष्ठ संघाने सर्वोच्च स्पर्धा जिंकली ती 2001 नंतर थेट तेव्हा, 21 वर्षांनी. न्यूकॅसलच्या लोकांसाठी हे विजेतेपद "बायकांचं" म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवायचं नव्हतंच. ते गावाचं विजेतेपद होतं. मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

विकत घेतलेलं यश एका वर्षात विरतं, असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. म्हणून 2023 बघा. संघ सहाचे दहा झाले, साखळी पाचची नऊ सामन्यांची झाली. बॉइल रूस्टर्सकडे निघून गेली. नव्या चार क्लबांनीही खेळाडू ओढल्या, विजेत्या संघातली किर्रा डिब नॉर्थ क्वीन्सलँडकडे गेली. तरी न्यूकॅसल पुन्हा अंतिम सामन्यात. उपांत्य सामना घरच्या मैदानावर ब्रॉन्कोजविरुद्ध 30-24 असा जिंकलेला. अंतिम सामन्यात गोल्ड कोस्टने त्यांना 12-18 असं मागे टाकलं होतं. तिथून त्यांनी 24-18 ने सामना काढला. पदक पुन्हा अप्टनलाच. ज्या कॅरिन मर्फीच्या नावाचं ते पदक, ती स्वतः हरलेल्या टायटन्सची प्रशिक्षक होती. ऑस्ट्रेलियाची माजी कर्णधार, मैदानाच्या कडेला उभी, आणि तिच्या नावाचं पदक समोरच्या संघाच्या मुलीच्या गळ्यात. त्या हंगामाचा डॅली एम पुरस्कारही अप्टनचाच.

अप्टनशिवाय हे झालं असतं का? नसतं, हे मी मान्य करते. पण मानधनाच्या मर्यादेत एक अप्टन कुठल्याही क्लबला परवडते. तिच्या आजूबाजूला रोज टॅकल करणाऱ्या, चेंडू न सोडणाऱ्या मुली असाव्या लागतात, आणि त्या न्यूकॅसलकडे होत्या.

पैशाचं चित्रही सांगून टाकते, कारण "प्रोफेशनल" म्हटलं की लोकांना कोटींचे आकडे दिसतात. सुरुवातीच्या हंगामांत बहुतेक जणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून सरावाला यायच्या. 2023 मध्ये पाच वर्षांचा पहिला सामूहिक करार झाला. किमान मानधन 2023 साठी 30 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, ते 2027 पर्यंत 50 हजारांच्या वर न्यायचं ठरलं. क्लबची एकूण मर्यादा 2023 मध्ये सुमारे 9 लाख डॉलर, ती 2027 पर्यंत 15 लाखांवर न्यायचं ठरलं. आरोग्य विमा आणि गरोदरपणाबद्दलचं धोरण याच करारात आलं, आणि एकाहून जास्त वर्षांचे करारही तेव्हापासून करता येऊ लागले. ऑस्ट्रेलियातल्या महागाईत 30 हजार डॉलरवर घर चालत नाही. ज्या मुलींनी ती दोन विजेतेपदं मिळवली, त्यांतल्या बऱ्याच जणी सकाळी कामावर जाणाऱ्या होत्या. याबद्दल मला अजून राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

पुढचं थोडक्यात. 2024 मध्ये न्यूकॅसल अंतिम सामन्यात नव्हता. रूस्टर्सनी क्रोनुला शार्क्सना 32-28 असं हरवलं. 2025 मध्ये संघ बारा झाले, वॉरियर्स परत आले. अप्टन ब्रॉन्कोजकडे परतली आणि तिथेही जिंकली.

कुठून सुरुवात करायची विचाराल, तर 2022 ऐवजी 2023 चा अंतिम सामना पूर्ण बघा. मागे पडलेला संघ घाई न करता खेळतो म्हणजे काय ते त्यात दिसतं. पहिली दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त टॅकल मोजा. सहाचं गणित अंगवळणी पडलं की मग 18 वर्षांची जेसी पाचव्या टॅकलला कुठे उभी राहते, तिकडे लक्ष द्या.