ई-डेटाबेसच्या वापराची तुलना: सुरुवातीला एवढंच करा

ताई, तुमच्या निपाणीच्या कॉलेज-ग्रंथालयाचे ई-डेटाबेस (ऑनलाइन लेख-पुस्तकांचे संग्रह) वापराचे आकडे बेळगावच्या मोठ्या कॉलेजशेजारी ठेवून घाबरू नका. नुसते एकूण डाउनलोड पाहणं ही पहिली चूक. खानापुरात मीही तीच केली होती. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून जितके, त्या संख्येने भागा. दरडोई वापर आला की मगच तुलना.

अहवाल 'काउंटर' प्रमाणाचाच (ई-साहित्याचा वापर सारख्याच पद्धतीने मोजण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) घ्या. त्यात 'युनिक आयटम रिक्वेस्ट्स' हा रकाना बघा. एकाच बैठकीत कुणी तोच लेख वेबपानावर वाचला आणि पीडीएफही उतरवली, तरी तिथे एकच मोजतात. 'टोटल'मध्ये दोन होतात, आणि तिथेच दोन डेटाबेसची तुलना फसते.

- शोध म्हणजे वाचन नव्हे. दोन्हींची बेरीज नको.
- एका महिन्यावरून ठरवू नका. परीक्षा, सुट्ट्या धरून बारा महिने पाहा.
- एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-जर्नल्स, ई-पुस्तकं देणारी योजना) लॉगिन किती जणांकडे आहे? आमच्याकडे वापर कमी दिसायचा, कारण बऱ्याच मुलांना आयडीच मिळाला नव्हता. आधी ते वाटा.

प्रति-वापर खर्च पुढच्या वर्षी बघू. आज एक साधी एक्सेल शीट उघडा. जमेल तुम्हाला.